डावं दार लागत नाही

४ फेब्रुवारी

प्रिय आत्या,

फोनवर तुला निम्मं ऐकू येतं आणि उरलेलं निम्मं तू स्वतःच रचतेस, म्हणून लिहिते आहे.

गाडी विकून टाकू या.

प्रयोगशाळेत लागून मला पुढच्या महिन्यात दीड वर्ष होईल. या काळात मी तिकडे दोनदा आले, दोन्ही वेळचे मिळून पाच दिवस. गाडीचं उरलेलं काम, म्हणजे इंजिन, तारा, रंग वगैरे, माझ्या अंदाजाने साडेचारशे तासांचं आहे. मी ज्या वेगाने येते त्या वेगाने ते संपायला सतरा वर्षं लागतील. गंज तेवढा थांबणार नाही. शिवाय तुझ्या कारखान्यातली निम्मी जागा तिने अडवली आहे आणि मोठे सोफे तू व्हरांड्यात बसून शिवतेस.

मी जाहिरात दिली होती. एका दातांच्या डॉक्टरांचं उत्तर आलं. लवकरच निवृत्त होणार आहेत. अर्धवट गाडी चालेल म्हणाले, उलट अर्धवटच हवी आहे म्हणाले. महिनाअखेरीला बघायला येतील. त्यांना सगळं दाखव. फक्त डावं दार उघडून दाखवू नकोस. त्याची बिजागरी मी अजून पक्की केलेली नाही. सुतळीने बांधलंय तसंच राहू दे.

तुझी भाची


१३ फेब्रुवारी

चि. मोजपट्टी,

आशीर्वाद. मोजून पाठवले आहेत, कमी भरले तर कळव.

सतरा वर्षं हा आकडा वाचून मला बरंच वाटलं. म्हणजे मी अठ्ठ्याहत्तरची होईन. गाडीत बसून हिंडायला छान वय आहे ते. तुझे बाबा म्हणतात, तुम्ही दोघी वेड्या आहात, एक मोजते आणि एक शिवते, गाडी कोण चालवणार? त्याला म्हटलं, ती चालतेच आहे.

खरंच सांगते. रोज जेवण झालं की मी मशीन बंद करते, स्टूल लावते आणि गाडीत चढून बसते. चाकं नाहीत, चार लोखंडी घोड्यांवर उभी आहे ना, म्हणून जरा उंचावरून दिसतं. समोर माझी कापडाची मांडणी. उन्हाची तिरीप वरच्या झरोक्यातून येते आणि सरकत सरकत एकेका ताग्यावरून जाते. हिरव्या मखमलीचे ते डोंगर होतात, खालचं निळं रेक्झिन म्हणजे पाणी. काल मी पाण्यापर्यंत गेले. परवा मखमलीच्या मागे वळले, तिकडे अजून पोचले नव्हते कधी. मागे काय आहे विचारू नकोस, नुसती सावली होती, पण चांगली होती. तासाभराने उतरते तेव्हा पाय बधिर झालेले असतात, लांबच्या प्रवासाने होतात तसे.

आता दाराचं. सुतळी मी केव्हाच सोडली. दार लागत नाही. वरच्या कोपऱ्यात अडतं. का अडतं तेही मला कळलंय, तू सांगितलं नाहीस तरी. दाराच्या चौकटीला मी जे बीडिंग शिवलं, रबरावर कापड चढवून, ते डाव्या बाजूला जाड झालंय. उजवीकडे नेमकं बसलं, डावीकडे माझा हात जड पडला. तुला ते जाताना दिसलं असणार. तू आपली दार सुतळीने बांधलंस आणि बिजागरीचं नाव पुढे केलंस. अगं, मी काय परकी आहे? तोंडावर सांगायचं, आत्या, उसव आणि परत शिव. आजवर कुठलीही सीट मी स्वतः तासभर बसून बघितल्याशिवाय गिऱ्हाइकाला दिलेली नाही, हे तुला ठाऊक आहे.

तर सहाव्यांदा उसवलंय. दार लागलं की मग विकायचं का ते बोलू.

आत्या


२२ फेब्रुवारी

प्रिय आत्या,

बीडिंग उसवू नकोस. त्यात काही चुकलेलं नाही. जुन्या गाड्यांची दारं थोडी अडतातच. घेणाऱ्याला ते माहीत असतं. राहू दे.

निळं रेक्झिन सहा मीटर शिल्लक होतं. तेवढ्यात समुद्र झाला म्हणजे फारच झालं.

तू विचारत असतेस मी इथे नेमकं काय करते. आमच्या खोलीला खिडकी नाही. बारा महिने तेरा त्रिकाळ तिथे वीस अंश तापमान असतं. कारखान्यांतून पोलादाचे छोटे ठोकळे तपासायला येतात, त्या ठोकळ्यांवरून ते आपली मोजायची यंत्रं लावून घेतात. आलेला ठोकळा आम्ही आदल्या दिवसापासून नुसता ठेवून देतो, खोलीसारखा थंड व्हावा म्हणून. हातात धरला तर तो वाढतो. डोळ्यांना दिसत नाही, पण वाढतो. जवळ श्वास सोडला तरी वाढतो. म्हणून आम्ही खोलीत बोलत नाही. कधी कधी दुपारी मी त्या शांततेत बसलेली असते आणि मला वाटतं की ठोकळा नाही, मीच निवायला ठेवलेली आहे.

डॉक्टर आता महिनाअखेरीऐवजी पाच तारखेला येतील. त्यांना गाडी आवडली तर हो म्हण.

तुझी भाची


९ मार्च

चि. मोजपट्टी,

आशीर्वाद.

दातवाला येऊन गेला. मला वाटलं होतं टायर-बियर लाथाडून बघणारा असेल, तर टायरच नाहीत. त्याने काही ठोकलं नाही, वाकून बघितलं नाही. म्हणाला, "बाई, आत बसू का?" मी स्टूल दिलं. स्टिअरिंगवर हात ठेवून बराच वेळ बसला. म्हटलं, "बोला की काहीतरी." तर म्हणाला, "चाळीस वर्षं मीच बोलतोय हो. समोरच्याचं तोंड उघडं, आणि उत्तर एकाचंही नाही." मला हसू आवरेना. भला माणूस आहे.

मग तो डाव्या बाजूला आला आणि दार लावून बघायला गेला. अडलं. नववं बीडिंग होतं ते, वातीएवढं बारीक केलेलं, तरी अडलं. मी म्हटलं, "चूक माझी आहे." तो म्हणाला, "राहू द्या हो."

हे 'राहू दे' तुझ्याही पत्रात होतं. जुन्या गाड्यांची दारं अडतातच, हे कुणाला सांगतेस? उजवं दार एका बोटाने लागतं. तुम्ही सगळे माझ्या हातांवर पांघरूण घालताय. वय झालं की माणसं अशीच गोड बोलायला लागतात, मी माझ्या आईशी बोलायचे तशी. मला कळतं ते.

म्हणून मी ठरवलंय. नाट्यगृहाच्या चाळीस खुर्च्या शिवायला आल्या होत्या, त्या परत पाठवल्या. एक दार नीट शिवता येईना, तर लोकांच्या बुडाखाली काय शिवून देऊ? वकिलीणबाईंच्या सोफ्यालाही नाही म्हटलं. मशीनवर चादर घातली आहे. छत्तीस वर्षांत ती दिवसाची अशी झाकलेली मी पहिल्यांदा बघते आहे. खोलीत कुणी आजारी निजलंय असं वाटतं.

तुझंच खरं. विकू या. दातवाला २६ एप्रिलला न्यायला येतो म्हणाला.

आत्या


१४ मार्च

प्रिय आत्या,

आधी चाळीस खुर्च्या परत मागव. मग पुढचं वाच.

दार तुझ्या बीडिंगमुळे अडत नाही. माझ्यामुळे अडतं.

दारांखाली दोन्ही बाजूंना एक लांब, पोकळ पोलादी पट्टी असते. गाडी मधोमध वाकू नये म्हणून. आपल्या गाडीच्या दोन्ही पट्ट्या गंजून चाळणी झाल्या होत्या, त्या मी कापून नवीन लावल्या. कापण्याआधी दाराच्या चौकटीत एक आडवा लोखंडी दांडा जोडून घ्यावा लागतो, म्हणजे पट्टी नसताना चौकट हलत नाही. उजवीकडे मी तो जोडला. डावीकडे नाही. दांडा माझ्या हाताशी, भिंतीला टेकून उभा होता. नेमणुकीचं पत्र आदल्या दिवशी आलं होतं, सोमवारी रुजू व्हायचं होतं, आणि दांडा न लावल्याने तीन तास वाचणार होते.

पट्टी कापल्यावर गाडी मध्ये खचली. डोळ्यांना दिसली नाही. मी खचलेल्या गाडीलाच नवी पट्टी वेल्ड केली. म्हणजे आता ती तशीच, पक्की, वाकडी आहे. चौकटीची वरची रुंदी उजवीकडे १०१२ मिलिमीटर, डावीकडे १००५. निघायच्या आदल्या दिवशी मोजली. दोनदा. मग दार टेकवलं आणि सुतळी बांधली. बिजागरी उत्तम आहे.

तुला आकडे पटत नाहीत. दोरा घे. उजव्या दाराच्या चौकटीत काचेच्या खालच्या कडेच्या उंचीवर, या खांबापासून त्या खांबापर्यंत ताण आणि दोन्ही टोकांना गाठी मार. तोच दोरा डावीकडे लाव. एक गाठ बाहेर उरेल.

मी सांगितलं नाही, कारण मी इथे दुसऱ्यांच्या चुका मिलिमीटरच्या हजाराव्या भागापर्यंत शोधते आणि माझी चूक सात मिलिमीटरची आहे. गाडी विकायचं खरं कारण हेच आहे. साडेचारशे तास वगैरे खोटं नाही, पण कारणही नाही. ती विकली गेली असती म्हणजे मला पुन्हा ते दार बघावं लागलं नसतं.

आणखी एक. तू सहाव्यांदा उसवल्याचं लिहिलंस, तेव्हा मला क्षणभर हायसं वाटलं होतं. तेही तुला कळायला हवं.

तुझे हात चांगले आहेत. बीडिंग दोन्हीकडे सारखं, साडेआठ मिलिमीटर होतं. मी मोजलं होतं.

तुझी भाची


२ एप्रिल

बाईसाहेब,

अकरा वेळा. तुझं पत्र आलं तेव्हा अकरावं बीडिंग उसवून मांडीवर होतं. मशीन झाकलं तरी हाताने उसवणं चालूच होतं माझं.

लाल दोरा घेतला. उजवीकडे ताणला, गाठी मारल्या, डावीकडे नेला. गाठ बाहेर लोंबली. करंगळीच्या नखाएवढी. मी स्टुलावर बसले आणि त्या नखाएवढ्या दोऱ्याकडे बघत राहिले. सबंध हिवाळा गेला माझा त्यात. तू चार वर्षांची असताना माझी कात्री लपवलीस आणि मी दिवसभर शोधताना माझ्यामागे हिंडलीस, "आत्या, इथे बघ, तिथे बघ" करत. तेव्हा दोन धपाटे दिले होते. आता पोस्टाने धपाटा जात नाही.

तुझं पत्र मी चार दिवस शिलाई मशीनच्या पायडलखाली ठेवलं होतं. रोज त्यावर पाय मारला. तेवढ्यावरून तुला कळलंच असेल की चादर काढली. खुर्च्या परत आल्या. नाट्यगृहाचा व्यवस्थापक म्हणाला, "मी पाठवल्याच नव्हत्या दुसऱ्या कुणाकडे, म्हटलं रुसल्यात, येतील ताळ्यावर." सोळा झाल्या. शिवण सरळ आहे. मेली पहिल्यापासूनच सरळ होती.

दातवाल्याला फोन करून सगळं सांगितलं. त्याला वाकडीही चालेल. ओळखीच्या गॅरेजवाल्याकडून कापून सरळ करून घेतो म्हणाला. २६ तारीख तशीच आहे. मी त्याला पक्कं हो म्हटलेलं नाही आणि नाहीही नाही. तुझी चूक आहे, तूच ठरव.

मी हल्ली दुपारची गाडीत बसत नाही. बसून बघितलं. शेजारचं दार असं उघडं, बाहेर सोफ्याचे पाय, गोंदाचा डबा, केरसुणी, सगळं दिसत राहतं. दार लागणार नाही हे पक्कं माहीत झालं की कुठे निघताच येत नाही.

आत्या


६ एप्रिल

प्रिय आत्या,

१८ ला येते, नऊ दिवसांची रजा मिळाली आहे. विकायचं का ते ठरलेलं नाही. पट्टी मात्र मीच कापेन, गॅरेजवाला नाही.

डावी सीट काढून ठेव, ठिणग्या उडतील. रंगाआधी सीट बसवू नयेत हे मी तेव्हाच सांगितलं होतं. लोखंडी गेट बनवणाऱ्याला विचार, वेल्डिंग मशीन पाच दिवस देईल का. कापडाचे तागे दुसऱ्या खोलीत हलव, एकटीने उचलू नकोस. लाल दोरा जपून ठेव. तो लागेल.

तुझी भाची


४ मे

चि. मोजपट्टी,

आशीर्वाद, या वेळी न मोजता.

तू गेलीस आणि कारखाना एवढाला मोठा वाटायला लागला. तागे परत मांडले. जमिनीवर ठिणग्यांचे काळे ठिपके पडलेत, पुसले तरी जात नाहीत, म्हणून पुसायचं सोडलं.

ती चौथी दुपार माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. तू खाली पाठीवर निजून जॅक फिरवत होतीस, मी दोन्ही हातांनी दोरा धरून चौकटीपाशी. तू म्हणालीस, "आकडा सांगू नकोस, नुसतं थांब म्हण." मी म्हणत होते, "अजून... अजून जरासं... अजून." ती भलीमोठी गाडी पापणी उघडावी तशी उघडत होती. मग गाठ खांबाला टेकली आणि मी म्हटलं, "थांब." आणि तू थांबलीस. जन्मात पहिल्यांदा मी थांब म्हटल्यावर तू थांबलीस! वर येऊन मोजपट्टी लावून मोजलंसही नाहीस. मी वाट बघत होते, आता मोजेल, मग मोजेल. तू सरळ दांडा वेल्ड करायला घेतलास.

बारावं बीडिंग पहिल्याइतकंच जाड शिवलंय. दार बोटाने लागतं.

पण तो दातवाला कसला माणूस म्हणायचा? मी २६ तारखेला कागद आणि किल्ली पाकिटात घालून टेबलावर ठेवली होती. तू सकाळपासून गप्प. मीही विचारलं नाही, म्हटलं ठरवेल, तोंड उघडेल. शेवटी आपण दोघी सीट बसली का बघायला गाडीत जाऊन बसलो, दार लावलं, आणि त्या उबेत माझा पाच मिनिटं डोळा लागला. संध्याकाळ झाली तरी हा आलाच नाही. साधा निरोप नाही. दुसऱ्या दिवशी तू गाडी पकडलीस आणि गोष्ट तशीच राहिली.

पाकीट अजून टेबलावर आहे. त्याला तूच विचार, न्यायची आहे की नाही. आणि आधी मला सांग, द्यायची आहे की नाही.

आत्या


१० मे

प्रिय आत्या,

पाच मिनिटं नव्हे. एक तास दहा मिनिटं.

ते आले होते. दोन चाळीसला. तू झोपून वीस मिनिटं झाली होती. बाहेर त्यांनी आणलेला, गाडी उचलून न्यायचा ट्रक उभा होता. ते कारखान्याच्या दारातून आत आले, कोटबिट घालून, आणि माझ्या बाजूच्या काचेपाशी येऊन वाकले. काच खाली केली असती तर आवाज झाला असता, म्हणून मी केली नाही. त्यांनी गाडीकडे बोट केलं, मग बाहेर रस्त्याकडे. मी मान हलवली, नाही. त्यांनी पुन्हा विचारलं, नुसत्या भुवयांनी. मी पुन्हा नाही म्हटलं. मग त्यांचं लक्ष तुझ्याकडे गेलं. तुझं तोंड उघडं होतं. ते बराच वेळ बघत राहिले, जरा धंद्याच्या नजरेनेही असेल. मग हसले, दोन पावलं मागे झाले आणि पायांचा आवाज न करता निघून गेले. ट्रकवाल्याने रिकामा ट्रक सावकाश मागे घेतला.

उठल्यावर तू विचारलंस, "आला का गं?" मी म्हणाले, "नाही अजून." त्याला आज दोन आठवडे झाले. पुन्हा तेच करत होते, म्हणून हे पत्र. डॉक्टरांना मी वेगळं पत्र पाठवलं आहे, माफी मागून. पाकिटातली किल्ली काढून गाडीला लाव.

गाडी मी तुझ्यासाठी ठेवलेली नाही, असं वाटून घेऊ नकोस. मला हवी आहे. ऑगस्टमध्ये तीन आठवडे रजा टाकली आहे, इंजिनापासून सुरुवात करू. सतरा वर्षांचा हिशेब आता लागू नाही. नवा मी अजून केलेला नाही.

ते गेल्यावर मी तुला उठवणार होते. तागे तिथे नव्हते, समोर नुसती पांढरी भिंत होती, झरोक्यातलं ऊन तिच्यावर होतं आणि अगदी हळू सरकत होतं. मी त्याचा वेग काढायचा प्रयत्न केला, पण मध्येच मला ते सरकतंय की आपण, याची खात्री वाटेना. माझे हात स्टिअरिंगवर होते. कधी ठेवले ते आठवत नाही.

तेवढ्यात तू झोपेत म्हणालीस, "पुढे उतार आहे गं. जरा हळू घे."

मी ब्रेक दाबला. त्याला अजून काहीच जोडलेलं नाही. पायडल सरळ खाली जाऊन तळाला टेकतं. तू 'हं' म्हणालीस आणि मान पलीकडे वळवलीस. तू जागी होईपर्यंत मी पाय उचलला नाही.

तुझी भाची